टेबलाच्या दुसऱ्या बाजूला: सांगलीत तीन रात्री

पहिला दिवस

महालक्ष्मी एक्सप्रेसनं सांगलीत उतरलो तेव्हा उजाडायला तासभर अवकाश होता. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. शाल घेतली तर उकडतं आणि काढली तर हुडहुडी भरते, तसली हवा. खोली दुपारी दोनला मिळणार होती. ही म्हणाली, "तोवर मिरजेला मावशीकडं जाऊन येऊ." मी म्हटलं, "नको, सरळ हॉटेलात जायचं. पहाटे साडेपाचला दारात आलेल्या गिऱ्हाइकाला कसं वागवतात, त्यावरून त्या हॉटेलची कुंडली मांडता येते."

एवढ्या अधिकारानं बोलतोय त्याला कारण आहे. मी मूळचा सांगलीच्या गावभागातला. १९८४ साली, विसाव्या वर्षी, मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलात बसबॉय म्हणून लागलो. बसबॉय म्हणजे टेबलावरच्या उष्ट्या ताटल्या उचलणारा पोरगा. पण वडिलांची शेवटपर्यंत समजूत होती की मी हॉटेलच्या बसवर आहे. तिथून स्टुअर्ड, म्हणजे वाढणारा, झालो, मग कॅप्टन, म्हणजे वाढणाऱ्यांचा मुकादम, आणि २०२२ मध्ये निवृत्त. अडतीस वर्षं लोकांना खुर्च्या ओढून दिल्या, पण स्वतः पाहुणा म्हणून चांगल्या हॉटेलात एक रात्र काढली नव्हती. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुलीनं तीन रात्रींचं बुकिंग करायचं ठरवलं. ती गोवा म्हणत होती, महाबळेश्वर म्हणत होती. मी म्हटलं, सांगली. तिथं आता आपलं घर नाही, आणि नातेवाइकांकडं उतरलं की सांगली बघायची राहून जाते, नुसते चहा होतात.

हॉटेल विश्रामबागेच्या बाजूला, सांगली-मिरज रस्त्यावर. नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढं एक-दोन तक्रारी येणार आहेत, आणि पोरांच्या नोकरीचा प्रश्न असतो.

लॉबीत एकच मुलगा होता. रात्रपाळीचा. ही वेळ फार वाईट, मला माहीत आहे. रात्रीचे हिशेब बंद करून, तोंडावर पाणी मारून माणूस बसलेला असतो, सकाळची पाळी यायला अजून दीड तास असतो आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी येतं. आम्ही म्हणजे एक चाक तुटलेली बॅग, एक कापडी पिशवी आणि हिचा डबा. मुलगा खुर्चीतून उठला, आणि काउंटरपलीकडून न बोलता वळसा घालून बाहेर आला. कुंडलीतलं पहिलं घर चांगलं निघालं.

"काकू, बसा आधी. पाणी देऊ का चहाच सांगू?"

मग त्यानं संगणकात बघितलं आणि म्हणाला, "काका, तुमची खोली तिसऱ्या मजल्यावरची आहे, ती दुपारी रिकामी होईल. पण दुसऱ्या मजल्यावर एक तयार आहे. तीच घेता का? आत्ताच जावा की वर."

मी विचारलं, जादा किती? तर म्हणाला, "नाही ओ, रिकामीच आहे की."

आमच्याकडं एवढ्यासाठी त्या पोराला ड्यूटी मॅनेजरला उठवावं लागलं असतं, आणि ड्यूटी मॅनेजरनं अर्ध्या दिवसाचं भाडं लावावं की नाही यावर पाच मिनिटं घेतली असती. मोठ्या हॉटेलात नियम जास्त, म्हणून चुका कमी. पण असं 'जावा की वर' तिथं ऐकू येत नाही.

खोलीत गेल्यावर ही पलंगावर टेकली आणि मी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं.

"काय शोधताय?"

"धूळ."

"सापडली?"

"नाही."

"मग तोंड का पाडलंय?"

सवय जात नाही. मी पडद्यामागं बघितलं, न्हाणीघरातल्या आरशाच्या खालच्या कडेवर बघितलं, ग्लास उजेडात धरून बघितले. ग्लास कपड्यानं नुसते पुसलेत की गरम पाण्याची वाफ देऊन चमकवलेत ते काठावर कळतं. इथं वाफ दिली होती. चादरीची घडी पायथ्याशी पंचेचाळीस अंशात दुमडून गादीखाली घट्ट खोवलेली, पाकिटासारखी. ही घडी पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि दुसऱ्या महिन्यापासून पोरं गाळायला लागतात, कारण गिऱ्हाईक पायथ्याकडं बघत नाही. इथं दोन्ही कोपरे सारखे होते. दोष एकच सापडला: शॉवरला गरम पाणी यायला पावणेदोन मिनिटं लागली. घड्याळ लावून मोजली. हिनं ते बघितलं आणि काही न बोलता दिवा बंद करून झोपली.

दुपार झोपेतच गेली. संध्याकाळी गणपतीला जाऊन आलो. संस्थानचे पहिले अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी बांधायला घेतलेलं हे देऊळ. लहानपणी या आवारात ऊन लागलं की यायचो, दगड गार असायचा. अजूनही गार आहे.

रात्रीच्या जेवणाबद्दल मात्र सविस्तर लिहितो.

मेनूकार्ड उघडलं तर आधी नेहमीचंच: पनीरचे सात प्रकार, मंचुरियन, एक पास्ता. शेवटच्या पानावर मात्र आपल्याकडचे आठ-नऊ पदार्थ होते. अख्खा मसूर, भरली वांगी, शाळूची भाकरी, खर्डा, मटणाचा रस्सा, गूळ-शेंगदाण्याची पोळी. हिनं भरली वांगी सांगितली आणि लगेच विचारलं, "वांगी कुठली?"

स्टुअर्ड मुलगा असेल बावीस वर्षांचा, जतकडचा. अशा वेळी नवीन पोरगं हमखास थाप मारतं. "फ्रेश आहेत मॅडम" हे उत्तर देशभर चालतं. हा म्हणाला, "विचारून येतो, काकू." आत गेला. दोन मिनिटांनी आला तो हातात एक छोटी बशी घेऊन. बशीत पांढरा रुमाल आणि रुमालावर एक कच्चं वांगं. देठाला काटे, सालीवर फिकट रेघा, एका अंगाला मातीचा वाळलेला ठिपका.

"आचारी म्हणाले, हे दाखव. मळीच्या रानातली आहेत, डिग्रजकडची. आज सकाळी आलीत."

मी आयुष्यभर लोकांना ताटात घालून लॉबस्टर दाखवले, पापलेट दाखवले, वाइनच्या बाटलीचं लेबल दाखवलं. वांगं दाखवायचं कधी सुचलं नाही. हिनं ते उचललं, अंगठ्यानं दाबलं, देठ फिरवून बघितला आणि बशीत ठेवत म्हणाली, "आजचीच आहेत. करा." जणू मंडईत उभी होती. मुलगा खूश होऊन आत गेला.

कृष्णाकाठच्या वांग्याचं कौतुक सांगलीबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. नदीचं पाणी पावसाळ्यात चढतं, उतरताना काठावर गाळ ठेवून जातं, त्या मळीत हे वांगं येतं. बी कमी, साल पातळ, आणि शिजलं की तेल सुटेपर्यंत थांबावं लागत नाही. आलेली वांगी अख्खी होती, फुटलेली नव्हती, कूट भाजलेल्या शेंगदाण्याचं होतं आणि वर तवंग होता तो तेलाचा, रंगाचा नव्हता. भाकरी एकेक करून गरम येत होती. हे सांगायला सोपं आहे. चाळीस माणसं जेवत असताना प्रत्येक टेबलावर दुसरी भाकरी नेमकी पहिली संपताना पोचवायची तर आतल्या बाईच्या तव्याचा आणि बाहेरच्या पोराच्या डोळ्याचा मेळ बसावा लागतो. माझं निम्मं जेवण तो मेळ बघण्यात गेलं.

शेवटी मुलगा पाठ केल्यासारखा म्हणाला, "सर, हाऊ वॉज एव्हरीथिंग?"

हिनं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणतोय?"

तो लाजला. "जेवण बरं झालं का, काकू?"

"मग असं विचार की रे बाबा. लई चांगलं झालंय."

दुसरा दिवस

सकाळी उठलो तर हिनं पलंग आवरून ठेवला होता. चादर ताणून, उशा रचून, पांघरुणाची चौकोनी घडी करून. मी म्हटलं, "अगं, हे त्यांचं काम आहे." म्हणाली, "परक्या बाईला आपला विस्कटलेला बिछाना दाखवायचा का?" थोड्या वेळानं हाऊसकीपिंगची मुलगी आली, पलंग बघून दारातच थबकली. "काकू, तुम्ही आवरलं की मला कळतच नाही कुठली चादर वापरलीय आन कुठली नाही. सगळं उसकटून परत घालावं लागतंय." हिला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं पलंग तसाच ठेवला, पण मुलगी आली की न्हाणीघरात जाऊन उभी राहायची. बघवत नव्हतं म्हणे.

नाश्त्याला खाली गेलो आणि एक गोष्ट झाली. टेबलावर दोन कप होते. माझ्या कपाचा कान उजवीकडं, घड्याळात चार वाजतात त्या जागी, म्हणजे नियमाप्रमाणे. हिच्या कपाचा कान डावीकडं, आठच्या जागी. पाण्याचा ग्लासही डावीकडं. ही डावखुरी आहे. काल रात्री त्या जतच्या पोरानं ते बघितलं होतं आणि जाताना सकाळच्या पाळीला सांगून गेला होता, किंवा वहीत लिहून गेला होता. कुणी 'मॅडम, आपण डावखुऱ्या आहात ना' असं म्हटलं नाही. नुसता कान फिरला.

मी हिला म्हटलं, "बघितलंस?" तिनं आधीच त्या हातानं कप उचलला होता, तिला काही वेगळं दिसलंच नव्हतं. समजावून सांगितलं. तर म्हणाली, "हे तुम्हालाही येत असेल."

"येतं म्हणजे काय, मीच कितीजणांना शिकवलंय."

"घरी कधी दिसलं नाही."

मी म्हटलं, घरी कपाला कान फिरवायची वेळ येत नाही. "कशी येईल," ती म्हणाली, "तुम्ही मला चहा कधी दिलात?"

यावर मला उत्तर सुचायच्या आत वऱ्हाड आलं. हॉटेलातच लग्न होतं. साठ-पासष्ट माणसं एकदम नाश्त्याला उतरली, नवऱ्याकडची अर्धी आणि मुलं सगळ्यांची. दहा मिनिटांत पोहे संपले, ताटल्या संपल्या, चहाच्या यंत्रापुढं रांग लागली. मॅनेजर फोनवर, कॅप्टन रांगेशी बोलतोय, आणि मोकळ्या झालेल्या टेबलांवर उष्ट्या ताटल्यांचा ढीग. असं झालं की आतलं चाक रुतलेलं असतं: ताटल्या बाहेर अडकतात म्हणून धुवायला जात नाहीत, धुवायला जात नाहीत म्हणून बाहेर मिळत नाहीत. एक माणूस नुसता उचलायला हवा असतो, वाढायला नाही.

मी आमच्या टेबलावरच्या तीन ताटल्या उचलल्या. एक बोटांत धरलेली, दुसरी मनगटावर टेकवलेली, तिसरीत उरलंसुरलं आणि चमचे. हात आपोआप तसाच लागला. कोपऱ्यातल्या साइड स्टेशनवर नेऊन ठेवल्या, वाटेत शेजारच्या टेबलावरच्या आणखी तीन घेतल्या. वळलो तर कॅप्टन माझ्या हाताकडं बघत उभा. काही बोलला नाही. एका पोराला खूण केली, "तू फक्त क्लिअरन्स बघ." चाक सुटलं. मागं ही कपाळाला हात लावून बसली होती.

दहा वाजता बाहेर पडलो. गावभागात आमची भाड्याची दोन खोल्यांची जागा होती तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. दुकानदाराला सांगितलं इथं मी जन्मलो, तर त्यानं कव्हर दाखवायला सुरुवात केली. तिथून चालत आयर्विन पुलावर गेलो. १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते सुरू झालेला पूल. सांगलीकराचं पावसाळ्यातलं पंचांग म्हणजे या पुलाखालची पाण्याची पातळी. पंचेचाळीस फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सत्तावन्नच्या वर गेलं. आत्ता खाली नदी इतकी शांत, अंग चोरून वाहणारी, की ते खरं वाटत नाही. गावभागातल्या एका जुन्या भिंतीवर मात्र पाण्याची रेघ अजून दिसते. माझ्या डोक्याच्या बरीच वर आहे.

जाता जाता भावे नाट्यमंदिर दिसलं. माझी पहिली सर्व्हिस इथली. सहावी-सातवीत असताना मध्यंतरात चहाचे ग्लास घेऊन फिरायचो. एका तारेच्या जाळीत आठ ग्लास, वरच्या रांगेपर्यंत न सांडता. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच मराठी रंगभूमीचा पहिला खेळ केला, हे मास्तर शिकवायचे. आम्हाला त्यातलं मध्यंतर माहीत.

रात्री अकराला एसीतून पाणी गळायला लागलं. थेट माझ्या चपलांवर. मी चपला बाजूला घेतल्या आणि खाली न्हाणीघरातली बादली लावली. ही म्हणाली, "फोन करा." मी म्हटलं, "खाली लग्नाची गडबड आहे, सकाळी सांगू." खरं कारण वेगळं होतं. तक्रारीचा फोन वाजल्यावर पलीकडच्या माणसाच्या पोटात काय होतं ते मला माहीत आहे. मीच तो फोन अडतीस वर्षं उचलला. करायचा कसा, ते कुणी शिकवलं नव्हतं.

हिनं उचलला आणि म्हणाली, "अहो, पावसाळा आत आलाय."

पाच मिनिटांत एक मुलगा मोठा टॉवेल आणि पुसणं घेऊन आला, पाठोपाठ शिडी घेऊन मेकॅनिक. त्यानं सांगितलं, पाणी बाहेर जाणाऱ्या नळीत शेवाळ साचलंय, आत्ता फुंकून काढतो. वीस-पंचवीस मिनिटं लागली. खोली बदलून देतो म्हणाले, ही नको म्हणाली. ही नळी महिन्यातून एकदा साफ करायची असते आणि त्याची वही असते. ती वही कुणीतरी न बघता भरत असणार. ही माझी एकमेव खरी तक्रार.

सकाळी मॅनेजर स्वतः टेबलाशी येऊन उभे राहिले, "रात्री झोप मोडली तुमची, चूक आमची," एवढंच म्हणाले आणि गेले. फळांची टोपली पाठवली नाही. बरं वाटलं. टोपली पाठवली की माफी मागावी लागत नाही, म्हणून हॉटेलं टोपली पाठवतात.

तिसरा दिवस

सकाळी मार्केट यार्ड. वडील हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. संध्याकाळी घरी यायचे ते शर्टाच्या बाह्या पिवळ्या घेऊन, आणि आई त्या बाह्या वेगळ्या बादलीत भिजवायची, तरी आमच्या घरातल्या सगळ्या पांढऱ्या कपड्यांना किंचित पिवळी झाक असायची. मुंबईत पहिल्यांदा कडक पांढरा युनिफॉर्म हातात आला तेव्हा मला वाटलं, याला काहीतरी कमी आहे.

हंगाम सुरू झालेला. पोत्यांच्या थप्प्या, सौद्याच्या आवाजात हळकुंडांचा खडखडाट, आणि ती धूळ, जी नाकात आधी गोड लागते आणि मग शिंक येते. राजापुरी हळद. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी मुंबईच्या किचनमध्ये शेफला पेपर दाखवला होता. तो म्हणाला, "हळद हळदच असते." त्याच्याशी मी आठवडाभर कामापुरतं बोललो. अडतीवर आता वडिलांना ओळखणारं कुणी नव्हतं, पण नाव सांगितल्यावर एका म्हाताऱ्या हमालानं, "पिवळे दिवाणजी?" असं विचारलं. आम्हाला हे टोपणनाव माहीत नव्हतं.

दुपारी रिक्षानं हरिपूर. सांगलीपासून तीन-चार किलोमीटर. कृष्णा आणि वारणेचा संगम, काठावर संगमेश्वर. नाटककार देवलांचं हे गाव. देवळाबाहेर एक आजोबा भेटले, त्यांनी पेवांची गोष्ट सांगितली. हळद साठवायला जमिनीत खणलेली पेवं: तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं, तळापासून वर पाला-गवताचं अस्तर. वरून तोंड बंद करून माती लिंपली की हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही, कारण आत हवाच नाही. त्यामुळंच पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं.

"आन विझला न्हाई तर?" हिनं विचारलं.

"तर मालकाच्या आधी गडी उतरायचा," आजोबा म्हणाले.

२००५ च्या पुरात बरीच पेवं पाण्यानं भरली, हळद कुजली, पुष्कळशी नंतर बुजली. आता गोदामं आणि शीतगृहं आहेत.

परतताना भडंग घेतलं. ते खोलीवर नेणं म्हणजे गालिच्याचा सत्यानाश, म्हणून रिक्षातच खाल्लं. लसूण आणि तिखटानं ओठ पेटले, रिक्षावाल्यानंही मूठभर घेतलं.

संध्याकाळी रेस्टॉरंट रिकामं होतं, वऱ्हाड गेलेलं. कॅप्टन टेबलाशी आला आणि या वेळी त्यानं सर म्हटलं नाही.

"काका, कुठल्या हॉटेलात होता?"

सांगितलं. त्यानं खुर्ची ओढली नाही, पण थोडा टेकून उभा राहिला. हे ड्यूटीवर चालत नाही, दोघांनाही माहीत होतं. त्याचं म्हणणं असं की पोरं इथं येतात, त्यांना ट्रे कसा धरायचा इथपासून शिकवावं लागतं, आणि जरा हात बसला की पुण्याला, गोव्याला, नाहीतर बोटीवर. जतच्या पोराचाही पासपोर्ट झालाय. मी म्हटलं, "जाऊ दे. माझ्या हाताखालची तर निम्मी दुबईत आहेत." तो म्हणाला, "तुमचं ठीक आहे, मुंबईत उद्या दुसरा मिळतो. इथं मी दिवाळीपर्यंत एकटा पडणार." त्याचं बरोबर होतं. मी उगाच मोठेपणानं बोललो होतो.

मग विचारलं, कपाचा कान कुणी फिरवला? म्हणाला, "आमची एक वही आहे. रात्रीचा माणूस लिहितो. कुणाला साखर नको, कुणाला पंखा नको, असं." वही दाखवली. साधी, लांबट, दुकानातल्या उधारीसारखी. आमच्या टेबलाच्या नंबरापुढं निळ्या पेनानं लिहिलं होतं: 'काकू डावऱ्या. वांग्याची पारख आहे. काका सगळं बघतात.'

हिनं ती ओळ दोनदा वाचायला लावली.

त्या रात्री मटणाचा रस्सा घेतला. चांगला होता, पण तिखट जरा पाहुण्यांच्या बेतानं कमी केलेलं. हे मी कॅप्टनला सांगितलं. त्यानं वाटीत वेगळा खर्डा आणून ठेवला आणि म्हणाला, "हा स्टाफच्या जेवणातला आहे." तो बरोबर होता.

निघायचा दिवस

गाडी रात्री दहाच्या सुमाराला. खोली दुपारी सोडली, सामान बेलडेस्कवर ठेवलं, आणि दुपारभर हिच्या मावशीकडं मिरजेला जाऊन तीन चहा प्यायलो. टळत नाही ते.

टिपचा घोळ मात्र झाला. घेणाऱ्याच्या बाजूनं मला सगळं माहीत आहे: हातात दिली तर एकाची, पेटीत टाकली तर सगळ्यांची, आणि पेटीतल्यात तव्यापुढच्या बाईचा वाटा असतो की नाही हे त्या त्या हॉटेलावर. मी कॅप्टनला सरळ विचारलं. तो म्हणाला, असतो. मग पेटीत टाकली. हाऊसकीपिंगच्या मुलीसाठी ही वेगळं पाकीट ठेवून आली होती, उशीखाली नाही, उशीवर. मीच सांगितलं होतं, उशीखालचे पैसे ती घेणार नाही, विसरले समजून जमा करेल. अभिप्रायाचा कागद मिळाला. पाच तारे, चार तारे. अशा हजारो कागदांनी माझी रात्र चांगली किंवा वाईट गेलेली आहे. मी पाचावर खूण केली आणि खाली लिहिलं: एसीची नळी महिन्याला.

गाडीत खायला डबा सांगितला होता. गाडी मिरजेकडून आली, जागा मिळाली, आणि भिलवडी जायच्या आतच हिनं डबा उघडला. चार शाळूच्या भाकऱ्या, केळीच्या पानात गुंडाळलेल्या. भरली वांगी घट्ट झाकणाच्या डब्यात, रस्सा बेताचा, म्हणजे हिसक्यानं सांडू नये. खर्डा वेगळा. कांदा न चिरता अख्खा, नाहीतर डबाभर वास सुटला असता. लिंबू. दोन गुळाच्या पोळ्या. मी सगळं एकेक बाहेर काढून सीटवर मांडलं आणि पिशवी उलटी करून बघितली.

"आता काय शोधताय?"

"कागदी रुमाल. विसरले."

हिनं पर्स उघडली आणि नाश्त्याच्या टेबलावरून तीन दिवस रोज दोन-दोन उचललेले सहा रुमाल माझ्या मांडीवर ठेवले.